बारावीच्या आधी पदवीची क्रेडिट: कुंडलच्या मुलांना काय मिळते, काय मिळायला हवे

शाळेत शिकत असतानाच कॉलेजचा एखादा विषय घ्यायचा, त्याची परीक्षा द्यायची आणि मिळालेली क्रेडिट पुढे पदवीच्या हिशेबात धरून घ्यायची, ही सोय अमेरिकेत गेली कित्येक दशके आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमधून दहावी होऊन अकरावीला गेलेल्या मुलीला ती आज मिळते का? सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. तरीही विषय इथे संपत नाही. या सोयीला लागणारे बहुतेक सामान आपल्याकडे येऊन पडले आहे: क्रेडिटचे नियम आहेत, ती साठवायचे खाते आहे, घरबसल्या शिकता येणारे अभ्यासक्रम आहेत. पुष्कळ ठिकाणी तर अकरावी-बारावीचे वर्ग आणि पदवीचे वर्ग एकाच आवारात भरतात. अडले आहे ते परवानगीपाशी. दहावीनंतर पदवीकडे लवकर नेणारी एक जुनी वाटही आपल्या भागात आहे आणि ती चांगली रुळलेली आहे. या सगळ्याची नीट माहिती पालकांना हवी, म्हणून हा लेख.

क्रेडिट म्हणजे किती तास

क्रेडिट, म्हणजे सरकारी कागदांवरचा श्रेयांक, हे अभ्यासाला दिलेल्या वेळाचे माप आहे. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरला आहे. त्यात वर्गातले तास येतात, घरचा अभ्यास येतो, प्रात्यक्षिकही येते. वर्षाला १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट लागतात.

कॉलेजच्या वेळापत्रकात हे कसे दिसते ते पाहू. थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गात साधारण १५ तास शिकवतात. दोन क्रेडिटच्या पेपरला ३० तास झाले. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला दोन तासिका. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे: बारावीतल्या मुलाने आठवड्याला दोन तासिका जास्त बसून एका सत्रात पदवीचा एक पेपर पुरा करायचा, एवढीच या लेखाची मागणी आहे.

बारावे वर्ष पूर्वी विद्यापीठाचे होते

हे सगळे परदेशी खूळ वाटत असेल तर आपलाच इतिहास पाहावा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच परीक्षेतून पुढे आले. मॅट्रिकला बसणारी मुले शाळेतली आणि परीक्षा विद्यापीठाची, अशी ती रचना होती. तेव्हा कुंडल औंध संस्थानात होते. संस्थानातल्या हायस्कुलांतली मुलेही याच विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी करत. एसएससी बोर्डाची परीक्षा सुरू झाली ती १९४९ पासून.

त्यानंतरही बरीच वर्षे शाळा अकरा इयत्तांची होती. अकरावीला एसएससी झाली की मुलगा थेट कॉलेजात जाई आणि त्याचे पहिले वर्ष प्री-डिग्रीचे असे. लोक त्याला पी.डी. म्हणत. म्हणजे शिक्षणाच्या बाराव्या वर्षी तो विद्यापीठाचा विद्यार्थी असे. त्याचे नाव विद्यापीठाच्या पटावर आणि परीक्षाही विद्यापीठाचीच. आपल्या भागासाठी हे विद्यापीठ आधी पुणे होते, नोव्हेंबर १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ.

कोठारी आयोगाने १०+२+३ चा आराखडा सुचवला. महाराष्ट्राने तो १९७५ पासून अमलात आणला आणि नव्या पद्धतीची पहिली बारावी १९७७ साली झाली. एकूण वर्षे पंधराच राहिली. आधी अकरा अधिक चार होती, मग दहा, दोन आणि तीन झाली. बदलला तो बाराव्या वर्षाचा मालक. ते वर्ष विद्यापीठाकडून बोर्डाकडे आले. ‘ज्युनिअर कॉलेज’ हे नाव त्याच काळातले. पुष्कळ ठिकाणी हे वर्ग सीनिअर कॉलेजच्याच इमारतीत भरू लागले. ग्रंथालय एक आणि फाटकही एक, पण कारभार दोन खात्यांचा: अकरावी-बारावी शालेय शिक्षण विभागाकडे आणि राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागाकडे, पदवी उच्च शिक्षण विभागाकडे आणि विद्यापीठाकडे.

त्या बदलात चूक होती असे मी म्हणत नाही. कॉलेज नसलेल्या गावातल्या हायस्कुलालाही बारावीपर्यंतचे वर्ग जोडता आले आणि त्यामुळे खेड्यातल्या मुलींचे शिक्षण दोन वर्षे पुढे गेले. हा लाभ मोठा आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाला विद्यापीठाचा विषय झेपणार नाही हे म्हणणे मात्र आपल्याच पन्नास वर्षांपूर्वीच्या अनुभवाशी जुळत नाही. आज सत्तरीच्या आसपास असलेल्या, कॉलेजची पायरी चढलेल्या पिढीने तो अभ्यास केलेला आहे.

अमेरिकेत हे कसे चालते

तिथे दोन पद्धती आहेत आणि आपल्याकडे बोलताना त्यांची गल्लत होते. पहिली ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे एपी, १९५५ पासूनची. यात विषय शाळेतच शिकवतात, वर्षाअखेरीस कॉलेज बोर्ड ही संस्था एकच परीक्षा घेते आणि १ ते ५ असा गुण देते. ३ किंवा त्याहून जास्त मिळाले तर पुष्कळ विद्यापीठे त्या विषयाचे क्रेडिट देतात. काही ५ शिवाय देत नाहीत, काही मुळीच देत नाहीत.

दुसरी पद्धत म्हणजे ‘ड्युअल एन्रोलमेंट’. मुलाचे नाव एकाच वेळी शाळेच्या आणि कॉलेजच्या पटावर असते. मिनेसोटा राज्याने १९८५ साली राज्यभर याची सोय केली, वॉशिंग्टन राज्याने १९९० साली. बहुधा गावाजवळचे कम्युनिटी कॉलेज हा विषय शिकवते. काही राज्यांत फी सरकार भरते, काहींत घरच्यांना भरावी लागते. तिथल्या मराठी पालकांनाही एक धोका उशिरा कळतो. ड्युअल एन्रोलमेंटमध्ये मिळालेली श्रेणी कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रिकेवर चढते. सोळाव्या वर्षी हौसेने घेतलेल्या विषयात ‘सी’ आली तर ती पुढे मेडिकलच्या प्रवेश अर्जावरही दाखवावी लागते.

इथे एक जवळचा धागा आहे. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांना पुण्याच्या भारती विद्यापीठाचे सहकार्य मिळत आले आहे. काही ठिकाणचे शाळा-प्रशासन तिथे शिकलेल्या मराठीला हायस्कूलच्या परभाषेचे क्रेडिट देते. हे क्रेडिट शाळेचे आहे, कॉलेजचे नव्हे. तरीही शाळेबाहेर, रविवारच्या वर्गात शिकलेले शाळेने मोजून घेतले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भारती विद्यापीठाचे संस्थापक पतंगराव कदम कडेगाव तालुक्यातल्या सोनसळचे. माध्यमिक शिक्षणासाठी ते कुंडलला येऊन बोर्डिंगमध्ये राहिले होते.

आजचा नियम काय म्हणतो

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन गोष्टी आल्या. जुलै २०२१ मध्ये ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. विद्यार्थ्याची क्रेडिट एका खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. दुसरी, ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक. तो आता शाळेतच, पालकांची संमती घेऊन काढतात. तिसरी, वर सांगितलेला श्रेयांक आराखडा. त्यात शाळा, व्यवसाय शिक्षण आणि पदवी एकाच शिडीवर मांडली आहेत: दहावी तिसऱ्या पातळीवर, बारावी चौथ्या, पदवीचे पहिले वर्ष साडेचारवर. सीबीएसईने २०२४-२५ मध्ये सहावी, नववी आणि अकरावीसाठी हा आराखडा प्रायोगिक म्हणून वापरायला आपल्या शाळांना बोलावले. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या गुणपत्रिकेचा मात्र पदवीच्या क्रेडिटशी अजून संबंध आलेला नाही.

अडथळा नेमका कुठे आहे ते सांगतो. पदवीच्या परीक्षेला बसायला विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक लागतो. कॉलेजच्या खिडकीवर त्याला पीआरएन म्हणतात. तो मिळायला पात्रता सिद्ध करावी लागते, आणि पात्रता म्हणजे बारावी किंवा तत्सम परीक्षेची गुणपत्रिका. गुणपत्रिका नाही म्हणून पीआरएन नाही, पीआरएन नाही म्हणून परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर क्रेडिट कुठून येणार? प्राध्यापकाने मुलीला मागच्या बाकावर बसू दिले तरी तिचे शिकणे कुठे नोंदले जात नाही.

पदवीला गेल्यावर मात्र वेग वाढवता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांत जास्त क्रेडिट घेऊन पदवी लवकर पुरी करण्याची तरतूद आहे. तीन वर्षांची पदवी एका सत्राने लवकर होऊ शकते, पण कॉलेजने प्रवेशक्षमतेच्या दहा टक्क्यांपर्यंतच विद्यार्थ्यांना ही मुभा द्यायची आहे. त्याआधी, २०२२ पासून, दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी मिळाली. या सगळ्या सवलती बारावीच्या पलीकडच्या आहेत.

डिप्लोमा: दहावीनंतरची रुळलेली वाट

शाळेच्या वयात उच्च शिक्षणाचे वर्ष पदरात पाडून घेणारी वाट महाराष्ट्रात पहिल्यापासून आहे, फक्त तिला कोणी ड्युअल क्रेडिट म्हणत नाही. दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकला प्रवेश घ्यायचा, तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचे. इथे डिप्लोमाचा अभ्यास पदवीच्या पहिल्या वर्षाऐवजी चक्क मोजून घेतला जातो. मिरजेला आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतने आहेत, खासगीही बरीच आहेत.

वेळेचा हिशेब मात्र नीट करावा. दहावी, डिप्लोमाची तीन वर्षे आणि पदवीची तीन, असे मिळून सोळा. दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंगची चार, असे मिळूनही सोळाच. वर्ष वाचत नाही. वाचतो तो सीईटीचा ताण, आणि मिळते ते एकोणिसाव्या वर्षी हातात असलेले, नोकरीला चालणारे प्रमाणपत्र. कुंडलच्या शेजारी १९१० सालापासून किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा आहे. मोटार, पंप, लेथ यांच्याशी ओळख असलेली माणसे इथल्या घरोघरी आहेत. ज्या घरात पुढच्या शिक्षणाचा खर्च निघेल की नाही ही शंका आहे, त्या घरच्या मुलाला मी आधी ही वाट दाखवीन. मध्येच थांबावे लागले तरी त्याच्या हाती काही तरी राहते.

आयटीआयचीही अशीच जोड आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पुरा केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि बारावी सायन्सवाल्यालाही मिळतो.

गैरसोयही सांगायला हवी. नीटला आणि एनडीएला बारावीच लागते. डॉक्टर व्हायचे किंवा एनडीएतून सैन्यात अधिकारी व्हायचे मुलीच्या मनात असेल तर डिप्लोमा तिच्या कामाचा नाही. हा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या गडबडीत घेऊ नये. नववीतच घरी बोलणे काढावे.

अकरावी-बारावीत बसून काय करता येते

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सी यांनी मिळून चालवलेला उपक्रम आहे. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर त्याचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. व्हिडिओ पाहायला पैसे लागत नाहीत. दर आठवड्याला स्वाध्याय असतो, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असते आणि तिलाच तेवढी फी आहे. अंतिम गुणांत स्वाध्यायाचे २५ आणि परीक्षेचे ७५ असा वाटा असतो. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठ आठवड्यांच्याला दोन आणि बारा आठवड्यांच्याला तीन क्रेडिट धरतात. बारावी झालेली असण्याची अट नाही. संगणकाची आवड असलेला अकरावीतला मुलगा पायथनचा अभ्यासक्रम घेऊन आयआयटीच्या प्राध्यापकांचे प्रमाणपत्र मिळवू शकतो.

आता त्या प्रमाणपत्राचे पुढे काय होते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार कॉलेज एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून मान्य करू शकते. पण हा नियम त्या वेळी कॉलेजात असलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहिला आहे. अकरावीत मिळवलेले प्रमाणपत्र दोन वर्षांनी आपोआप क्रेडिटमध्ये बदलत नाही. ते मिळवू नये असे मी म्हणणार नाही. विषय कळला की पुढचा सगळा अभ्यास हलका होतो. फक्त क्रेडिटच्या आशेवर परीक्षेची फी भरू नये.

दुसरा रस्ता आयआयटी मद्रासचा. २०२० पासून ही संस्था ऑनलाइन बीएस पदवी देते. अकरावीची अंतिम परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याला तिच्या पात्रता फेरीत भाग घेता येतो. चार आठवड्यांचा अभ्यास, स्वाध्याय आणि मग परीक्षा, अशी ती फेरी आहे. पास झाला तर बारावी होताच तो पदवीच्या फाउंडेशन पातळीला सुरुवात करू शकतो. मला माहीत असलेल्या सोयींत अमेरिकेतल्या पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारी ही आहे, कारण इथे बारावीच्या आधी पदवीचा खरा अभ्यास करून पाहायला मिळतो आणि तो वाया जात नाही. कला शाखेचा विद्यार्थीही अर्ज करू शकतो. इंग्रजीतून व्हिडिओ ऐकायची सवय नसेल तर पहिला आठवडा जड जातो. अशा वेळी दोन-तीन मुलांनी मिळून एका ठिकाणी बसून अभ्यास केलेला बरा.

अमेरिकेतच पदवीला जायचे ठरलेले असेल तर एपीची परीक्षा भारतातल्या मोठ्या शहरांतही देता येते. तिची फी डॉलरच्या हिशेबाने असते आणि गुणांचा इथल्या बहुतेक प्रवेशांना उपयोग नाही. इतरांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

बारावीसोबत पदवीचे पहिले वर्ष पुरे करून देतो असे कोणी सांगितले, तर त्याच्याकडे विद्यापीठाचे नाव आणि पीआरएन मागावा. दोन्ही नसतील तर पैसे देऊ नयेत.

काय करता येईल

माझी मागणी छोटी आहे. ज्या आवारात ज्युनिअर आणि सीनिअर दोन्ही वर्ग आहेत तिथे बारावीच्या इच्छुक विद्यार्थ्यांना प्रथम वर्षाचा दोन क्रेडिटचा एक पेपर घेऊ द्यावा. विद्यापीठाने त्यांची तात्पुरती नोंदणी करावी, क्रेडिट ‘अपार’ला जोडून ठेवावीत आणि बारावी पास झाल्यावर ती कायम करावीत. मूल बारावीला अडखळले तर क्रेडिट खात्यात तशीच थांबतील. सात वर्षांची मुदत आहेच.

कोणता पेपर? भौतिकशास्त्र किंवा गणिताचा मुख्य पेपर नको. सायन्सच्या मुलांवर सीईटी-नीटचे ओझे पुरेसे आहे. राज्यघटना, पर्यावरण, संगणकाची ओळख, भारतीय ज्ञानपरंपरा, भाषेचे कौशल्य असे पेपर आता प्रथम वर्षात आले आहेत. त्यांतला एखादा कला-वाणिज्यच्या मुलामुलींना सहज घेता येईल. याच शाखांत मुले बारावीनंतर निमूटपणे शिक्षण सोडतात. ज्याच्या नावावर पदवीची दोन क्रेडिट आधीच जमा आहेत तो कॉलेजची पायरी चढण्याची शक्यता जास्त, असे मला मनापासून वाटते.

मुलींच्या बाबतीत तर हिशेब आणखी सरळ आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पदवीला गेल्यावर सवलतीचा पास मिळतो, पण त्याला पैसे पडतात. मोफत पासाच्या काळातच पदवीचा एक-दोन पेपर झाला, तर तेवढा प्रवासखर्च वाचला. ज्या घरात मुलीला पुढे पाठवायचे की नाही हे बसभाड्यावरही ठरते, तिथे ही रक्कम लहान नाही.

अडचणी आहेत. दोन विभागांचा समन्वय लागेल, तासिकांच्या वेळा जुळवाव्या लागतील, फी किती आणि कोणी भरायची ते ठरवावे लागेल. ज्या गावात बारावी हायस्कूलला जोडलेली आहे आणि जवळ सीनिअर कॉलेज नाही, तिथल्या मुलांसाठी ऑनलाइन पेपर ठेवावा लागेल, नाहीतर ही सोय पुन्हा शहराजवळच्यांचीच होईल. यातल्या कोणत्याही कामाला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. बोर्ड, विद्यापीठ आणि दोन विभाग एका टेबलाशी बसले तर एका कॉलेजात प्रयोग सुरू होऊ शकतो.

तोवर पालकांनी काय पाहावे

अकरावीच्या प्रवेशाची प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाली आहे. पसंतीक्रम भरण्याआधी त्या ज्युनिअर कॉलेजात व्यवसाय शिक्षणाचे किंवा द्विलक्षी विषय आहेत का ते विचारावे. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा द्विलक्षी विषय दोनशे गुणांचा असतो आणि त्यातले प्रात्यक्षिक डिप्लोमाला किंवा नोकरीला उपयोगी पडते. पदवीच्या प्रवेशाला गेल्यावर प्राचार्यांना विचारावे की ‘स्वयम्’चे कोणते अभ्यासक्रम हे कॉलेज मान्य करते आणि पदवी लवकर पुरी करण्याची सोय इथे आहे का. उत्तर लेखी घ्यावे.

आणि अपारचे काम आताच उरकावे. आधारवरचे नाव, जन्मतारीख आणि शाळेच्या रजिस्टरमधली नोंद यांत एका अक्षराचा फरक असला तरी क्रमांक तयार होताना अडते. आईचे नाव, आडनावाचे स्पेलिंग, वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ हे सगळे दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेच्या कार्यालयात जाऊन तपासून घ्यावे. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीचे नाव छापले गेले की दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे करावा लागतो.